वाडगे घासणारी किनुए

कुरुमे गावात रामेनच्या, म्हणजे शेवया-रस्स्याच्या, दुकानाचा पत्ता कुणी विचारत नाही. नाक पुढे करायचं आणि चालायला लागायचं. डुकराची हाडं अहोरात्र उकळत असतात, त्यांचा वास चार घरं आधीच येऊन माणसाला गाठतो. कुणाला तो घाण वाटतो. वाटू दे. पातळ रस्से मिळायला अख्खा जपान मोकळा आहे. आमच्याकडे रस्सा दाट, पांढरा, ओठाला ओठ चिकटेल असा, आणि ज्याला तो झेपत नाही त्यानं खुशाल दुसरीकडे जेवावं.

किनुए कुनिताकेचं दुकान स्टेशनामागून नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत आहे. अकरा स्टुलं, एक लांब लाकडी फळी, फळीच्या पलीकडे हंडा. नव्या गिऱ्हाईकाला तिथे एक गोष्ट खटकते. शेवया उकळायला आणि वाढायला हात्सुमी नावाची नोकर बाई, आणि मालकीण मात्र मागे मोरीत, कोपरापर्यंत बाह्या वर करून वाडगे घासते आहे. लोकांना वाटतं, घरचं काहीतरी वाजलं असेल. वाजलंबिजलं काही नाही. पहाटे चारला उठून रस्सा करायचा तिनंच, आणि दुपारी गर्दीच्या वेळेला वाडगे घासायचे तेही तिनंच. बेचाळीस वर्षं हाच शिरस्ता.

ही तिच्या वडिलांची शिकवण. वडील म्हणायचे, करणाऱ्याची जीभ वासानं बधिर झालेली असते, तिच्यावर भिस्त ठेवू नये. गिऱ्हाईकाच्या बोलण्यावर तर मुळीच ठेवू नये. परत आलेला वाडगा बघावा. शेवया तर भुकेपायी कुणीही संपवतो. रस्सा किती उरला, ते बघायचं. किनुए वाडगा नुसता हातात घेतला की वजनावरून सांगायची. एकदा फुकुओकाहून एक विमा विकणारा आला, दर घासाला वाहवा करत होता, निघताना त्यानं वाकून नमस्कारसुद्धा घातला. किनुएनं त्याचा वाडगा मोरीत ओतला आणि आतूनच म्हणाली, "हात्सुमी, त्या गोडबोल्याला सांग, अर्धा रस्सा ठेवून तोंडदेखली स्तुती कशाला करतोस म्हणावं." तो बिचारा लाल होऊन निघून गेला. पुढल्या खेपेला आला तो गुपचूप वाडगा संपवून गेला.

अशी बाई. नाकावर माशी बसू द्यायची नाही, आणि एकदा बोललेला शब्द मागे घेतल्याचं गल्लीत कुणाच्या ऐकिवात नाही. पण माणसांवर जीव भारी. तोही तिच्या पद्धतीनं. कोपऱ्यावरच्या आराकी न्हाव्याला रक्तदाबाचा त्रास आहे, हे तिला कळलं त्या दिवशी तिनं सगळ्यांदेखत त्याच्या पुढ्यातला वाडगा उचलला, रस्सा काढून टाकला, शेवयांवर गरम पाणी घातलं आणि म्हणाली, "हे खा. मला तुझ्या मयताला यायचं नाही." दुकान हसलं. आराकी हसला नाही. दोन वर्षं झाली, तो ती गल्ली टाळून घरी जातो.

तर या किनुएचा उजवा खांदा गेल्या हिवाळ्यात कामातून गेला. हंड्यातला रस्सा ढवळायला वल्ह्यासारखा लांब लाकडी दांडा असतो. हाडं बुडाला लागून करपली की सगळं संपलं, म्हणून पहाटेपासून तो फिरवत राहावा लागतो. हाडांचा चुरा होत जातो तसतसा दांडा जड होत जातो. आणि हा हंडा म्हणजे साधा हंडा नव्हे. किनुएच्या वडिलांनी सत्तर वर्षांपूर्वी तो चुलीवर चढवला, तेव्हापासून तो पुरता रिकामा म्हणून झाला नाही. कालचा रस्सा खाली राहतो, त्यात आजची हाडं पडतात. आमच्या गावची ही रीतच आहे. त्यात वडिलांच्या हातचं काहीतरी अजून आहे असं किनुए म्हणते, आणि तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, दांडा धरायचा नाही. तेव्हा ओसाकाहून चिहारु आली. किनुएची एकुलती एक लेक, वय पस्तीस, एका हॉटेलात आठ वर्षं नोकरी. किनुएचा नवरा वारला तेव्हा आली होती, ती सात दिवस राहून परत गेली होती. या वेळी मात्र तिनं नोकरीवरून तीन महिन्यांची सुटी मागून घेतली आणि आल्या आल्या आईला म्हणाली, "मला हे करायचंय. सुटीपुरतं नाही, कायमचं."

किनुएला आनंद झाला असणार. पण तोंडावर दाखवेल तर ती किनुए कसली.

"करायचंय म्हणून होत नसतं," ती म्हणाली. "तीन महिने दांडा तुझ्या हातात. मी शिकवीन, पण हात लावणार नाही. तीन महिन्यांत उशिजिमा-सानचा वाडगा रिकामा परत आला, तर हंडा तुझा. नाही आला, तर ओसाकाची गाडी धर. दोघींचाही वेळ जायला नको."

"त्यांचाच का?"

"कारण त्यांनी मला पास केलं होतं."

ते खरंच होतं. किनुए चोवीस वर्षांची असताना वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. दुकान बंद ठेवलं तर हंडा थंड होणार, म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे पोरीनं दांडा हातात घेतला. वडील मागच्या खोलीत खुर्चीवर बसून ऐकत होते. गिऱ्हाईकं आली ती चेहरे पाडून. रेल्वेतल्या एका जुन्या माणसानं दोन घास खाल्ले, खायच्या काड्या आडव्या ठेवल्या आणि उठला. एकामागून एक अर्धे वाडगे आत येत होते. तेवढ्यात रबरी बुटांच्या कारखान्यातला एक उंच, हडकुळा कामगार आला. अंगाला रबराचा वास. कुणाशी बोलला नाही, मान वर केली नाही, वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावला आणि शेवटचा थेंबही ठेवला नाही. मग म्हणाला, "आणखी शेवया द्या." शेवया घालायच्या कशात? रस्सा तर सगळा पिऊन बसला होता. किनुएला हसू आवरेना. तिनं पुन्हा पळीभर रस्सा ओतून दिला. मागे खुर्चीवर वडील रडत होते, हे तिला नंतर कळलं. तो कामगार म्हणजे उशिजिमा. बेचाळीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी, साडेअकराला, दारापासून तिसऱ्या स्टुलावर. आता एकाहत्तरचे, निवृत्त, बायको मागेच गेली. वाडगा मात्र कधी भरला परत गेला नाही.

चिहारु पहाटे चारला उभी राहायला लागली. पहिले पंधरा दिवस तळहातांची सालटं निघाली. पांढऱ्या पट्ट्या गुंडाळून ढवळायची. किनुए शेजारी हात मागे बांधून उभी.

"बुडाला लाग."

"लागतेय की."

"आवाज ऐक. हाडं खडखडतायत म्हणजे वरवर फिरवतेयस. खाली घासल्याचा आवाज आला पाहिजे."

"आई, तू हॉटेलात आली असतीस ना, तर पहिल्या दिवशी मॅनेजर पळून गेला असता."

"बरंच झालं असतं. हॉटेलात काय, चादरी घालतात."

अशा दोघी. पण पोरीचा हात बसत गेला, हे हात्सुमीलाही दिसत होतं. महिन्याभरात आवाज खालून यायला लागला. वाडगेही बरे यायला लागले. भाजीवाला, टॅक्सीवाला, शाळेतल्या दोन बाया, सगळ्यांचे वाडगे हलके. किनुए ते हातात घ्यायची, वजन करायची, आणि बाजूला ठेवायची.

एक वाडगा मात्र जड. पहिल्या दिवसापासून उशिजिमा-सानचा वाडगा परत यायचा तो तीन हिस्से भरलेला. शेवया संपलेल्या, मांस संपलेलं, आणि रस्सा जसाच्या तसा, वर चरबीची साय धरलेला. पहिल्या मंगळवारी किनुएनं तो ओतला आणि घासून ठेवला. शुक्रवारीही तेच. महिन्यानंतर तिनं वाडगा चिहारुच्या नाकासमोर धरला.

"बघ."

चिहारुनं बघितलं. "बाकीच्यांचे बघ ना, आई."

"बाकीचे बाकीचे. कुठे चुकतंय ते शोध."

चिहारुनं वाडगा तिच्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटे साडेतीनलाच जाळ मोठा करायला सुरुवात केली. मणक्याची हाडं वाढवून पाहिली, डोक्याची कमी करून पाहिली. भाजीवाला म्हणाला, "मावशी, पोरगी तुमच्या नाकावर टिच्चून करायला लागली." किनुए म्हणाली, "तू भाज्या वीक."

तीन महिने संपत आले. सोमवारी ओसाकाला कळवायचं होतं, येते की राहते. त्याच्या आधीच्या मंगळवारी उशिजिमा-सानचा वाडगा पुन्हा जड आला. तीन वाजता दारावरचा पडदा उतरवून दुकान बंद केल्यावर किनुएनं हात पुसले आणि लेकीसमोर उभी राहिली.

"राहू दे आता," ती म्हणाली. "ओसाकाला कळव, येते म्हणून. वाईट वाटून घेऊ नकोस. सगळ्यांना जमतंच असं नाही."

चिहारु फळी पुसत होती. हात थांबला, पुन्हा चालू झाला.

"मला वाटतं रस्सा बरोबर आहे," ती म्हणाली.

"तुला वाटून काय उपयोग? वाडगा काय म्हणतो ते मी रोज बघतेय."

"बरं."

एवढंच. भांडली असती तर किनुएला बरं वाटलं असतं. पोरगी वर गेली आणि बॅग काढल्याचा आवाज आला. शनिवारचं तिकीट काढलं. तरी बुधवारी पहाटे साडेतीनला खाली हजर, गुरुवारीही हजर. किनुएनं म्हटलं, "आता कशाला?" तर म्हणे, "शनिवारपर्यंत हंडा कोण ढवळणार? तू?"

खरी पंचाईत किनुएच्या नाकाची झाली होती. बुधवारी पहाटे जिना उतरताना वास आला आणि ती मधल्या पायरीवर थबकली. तिला वाटलं खाली वडील उभे आहेत. इतका तोच वास. गुरुवारी पुन्हा तसंच. नाक म्हणतंय बरोबर, वाडगा म्हणतोय चूक. बेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तिला स्वतःचाच राग यायला लागला. हात्सुमीवर दोनदा उगाच खेकसली. पोरगी जाणार, खांदा गेलेला, हंडा आपल्यालाच ओढावा लागणार, आणि त्यात कुठली खोट आहे तेच कळत नाही. हे काही तिला सहन होईना.

शुक्रवारी साडेअकराला उशिजिमा-सान आले, तिसऱ्या स्टुलावर बसले, शेवया खाल्ल्या, काड्या ठेवल्या, पैसे फळीवर ठेवले आणि बाहेर पडले. वाडगा मोरीत आला. जड. किनुएनं तो तसाच आपटला, ओल्या हातांनी एप्रनासकट मागच्या दारानं गल्लीत गेली आणि नदीच्या वळणाशी म्हाताऱ्याला गाठलं.

"उशिजिमा-सान, थांबा."

म्हातारा थांबला. चोरी पकडल्यासारखा त्याचा चेहरा झाला.

"काय कमी आहे त्यात? मीठ? हाड कच्चं राहतंय? करपलाय? बेचाळीस वर्षं खाताय माझ्याकडे, एवढं सांगायला तोंड नाही तुम्हाला?"

"कशात काय कमी आहे?"

"रस्स्यात. तीन महिने माझ्या पोरीचा वाडगा टाकून जाताय. मी आंधळी नाही."

उशिजिमा-सानच्या तेव्हा कुठे ध्यानात आलं. मग त्यांनी कोटाच्या खिशातून औषधांची वही काढली, दवाखान्यात देतात ती, आणि उघडून तिच्या पुढ्यात धरली. पानंच्या पानं चिठ्ठ्या चिकटवलेल्या.

"मूत्रपिंडं," ते म्हणाले. "दोन्ही. जानेवारीत कळलं, चिहारु आली त्याच आठवड्यात. मीठ बंद. डॉक्टरीणबाई म्हणाली, खायच्याच असतील तर शेवया खा, रस्स्याला तोंड लावाल तर इथे येऊ नका. मी आपला एक चमचा घेतो. एकच. मग हात मांडीखाली धरून बसतो."

किनुएच्या एप्रनातून पाणी गळत होतं.

"मग येता कशाला?"

"घरी बसून काय करू, मावशी? भिंतीशी बोलू? तिथे बसलो की वास येतो, माणसं दिसतात, तुम्ही आतून कुणालातरी झापत असता. शुक्रवार कधी येतो याची वाट बघतो मी." ते जरा हसले. "आणि त्या एका चमच्याबद्दल विचाराल तर, पहिल्यांदा घेतला तेव्हा मला तुमच्या वडिलांची रामेनची हातगाडी आठवली. स्टेशनासमोर उभी असायची ती. मी शाळेत होतो. तुमचा रस्सा चांगलाच आहे, पण असा तुमचा कधी झाला नव्हता. रागावू नका."

"मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला सांगू? आराकीचं काय केलंत, अख्ख्या गावानं बघितलं. शेवयांवर गरम पाणी घालून दिलं असतंत सगळ्यांसमोर. मी म्हटलं, तेवढी अब्रू तरी राहू दे." मग भुवया वर करून म्हणाले, "पण चिहारुला माहीत आहे की. पहिल्याच दिवशी कानात सांगितलं तिच्या. म्हटलं, पोरी, तुझ्या रस्स्याचा अपमान नाही, माझं असं असं आहे. फक्त आईला कळू देऊ नकोस. तिनं नाही सांगितलं ना? गुणाची पोरगी."

पहिल्याच दिवशी. म्हणजे अट घातली त्याच्या दुसऱ्या दिवशी. पोरीला तेव्हापासून माहीत होतं की हा वाडगा कधीही रिकामा येणार नाही. तरी ती नव्वद दिवस उठली. मंगळवारी आई तोंडावर म्हणाली, तुला जमत नाही, तेव्हा एका वाक्यात सगळं निकालात निघालं असतं. ते वाक्य तिनं गिळलं.

 किनुएनं वाकून नमस्कार केला, इतका खाली की म्हातारा घाबरला. मग ती गल्लीतून परत चालत आली. दोनशे पावलांचं अंतर, पण तिला बराच वेळ लागला.

दुकानात गर्दी ओसरली होती. चिहारु हंड्यापाशी होती, पट्टी बांधलेल्या हातांनी दांडा फिरवत होती. हात्सुमी मालकिणीचा चेहरा बघून मोरीत निघून गेली.

"उशिजिमा-सान भेटले," किनुए म्हणाली.

दांडा थांबला नाही. "काय म्हणाले?"

"सगळं. तू का नाही बोललीस मला?"

"त्यांनी नको म्हटलं होतं."

"मी तुला घालवून देत होते. तेव्हाही?"

"तेव्हाही," चिहारु म्हणाली. "या स्टुलावर बसून कुणी काही सांगितलं तर ते इथेच राहायला नको? मी माझ्या हंड्यासाठी त्यांचं दुखणं विकलं असतं, तर ते परत आले असते का? त्यांना दुसरीकडे कुठे जागा आहे, आई?" तिनं कपाळ दंडाला पुसलं.  "मला त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याचंच. तीन महिन्यांत तू एकदाही चाखलं नाहीस. हंड्याजवळ उभी राहायचीस रोज. एक पळी घेतली असतीस तर कळलं असतं."

 जिभेवर भिस्त ठेवू नको म्हणणाऱ्या आपल्या बापाचा किनुएला रागच आला, त्या घटकेला. मग तिनं खुंटीवरची पळी काढली, हंड्यात बुडवली, फुंकर घातली आणि प्यायली. गरम होता, जीभ भाजली. दुसऱ्यांदा बुडवली. चिहारु दांडा धरून बघत होती.

"चुकलं माझं," किनुए म्हणाली. मोरीत हात्सुमीच्या हातून वाडगा निसटल्याचा आवाज आला. तिनं हा शब्द बावीस वर्षांत त्या तोंडून ऐकला नव्हता. "रस्स्याच्या बाबतीत चुकलं, आणि तुझ्याही बाबतीत चुकलं. मला माझ्या पोरीपेक्षा भांडं जास्त खरं वाटलं."

चिहारुच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते तिनं खांद्याला पुसलं आणि म्हणाली, "दांडा थांबला, आई. बुडाला लागेल." आणि पुन्हा फिरवायला लागली.

 किनुएनं एप्रनाची गाठ सोडली, ओला एप्रन पिळला, पुन्हा बांधला. बेचाळीस वर्षं त्या दुकानात सगळ्यांच्या वेळा तिनं ठरवल्या होत्या. जाळ केव्हा मोठा करायचा, पडदा केव्हा लावायचा, कुणी केव्हा जेवायचं, सगळं.

"उद्या," तिनं लेकीला विचारलं, "मी किती वाजता येऊ?"